बीर तविल, राजापेठ

अमरावतीत भाड्याची खोली शोधायला निघालं की पहिला प्रश्न आडनावाचा असतो. माझं आडनाव सांगून झालं की बहुतेक घरांतली खोली कालच कुणालातरी दिलेली निघायची. राजापेठेतल्या कितीतरी खोल्या अशा मी येण्याच्या नेमक्या आदल्या दिवशी गेल्या. पातूरहून बाबा सोबत आले होते. संध्याकाळपर्यंत ते इतके गप्प झाले, की खोलीपेक्षा मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. शेवटचं घर सरांचं. पायजमा, बनियान आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा अशा थाटात सर फाटकाशी आले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं,

"बुर्किना फासोची राजधानी?"

मी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेली. घाबरत का होईना, "वागाडुगू" म्हणाले.

"खोली हाय," सर म्हणाले. "सामान आना."

बाबांना हे इतकं सोपं पटेना. नंतर वाद नको म्हणून त्यांनी आपणहून आडनाव सांगितलं. सर वैतागले. "थे मी विचारलं का? विचारतोच तर आता तुमाले विचारतो. चाडची राजधानी सांगा." बाबांना ती आली नाही. परत जाताना फाटकाबाहेर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "नापास होऊन इतकं बरं मले कधी वाटलं नव्हतं."

सर शाळेतून भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, बागेला लागतात किंवा सुनेच्या मागे लागतात. सर आफ्रिकेच्या मागे लागले होते. मास्तरकीत त्यांना सगळी पृथ्वी शिकवावी लागली. युरोपचा त्यांना कंटाळा होता ("चिमूटभर जागा अन् भांडनं पाह्य"), ऑस्ट्रेलिया त्यांच्या मते एका धड्यात आटपण्यासारखा होता आणि आशिया फार मोठा, त्यात आपणच राहतो म्हणून कौतुक करायला लाज वाटायची. आफ्रिकेवर मात्र त्यांचा जीव. विषुववृत्त बरोबर मधून जातं, दोन्ही अयनवृत्तं दोन बाजूंनी जातात, विषुववृत्ताजवळ किलिमांजारोवर बर्फ. "देवानं बाकीचे खंड काढले," सर म्हणायचे, "अन् आफ्रिका नीट बसून काढला."

खुद्द सर बडनेऱ्याच्या पलीकडे क्वचितच गेलेले. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. कुणी छेडलं तर म्हणायचे, "पाह्यला नाई, पन त्याची खोली मले मीटरमधी माहीत हाय. तुमी पाह्यला, तुमाले हाय का?"

त्यांच्या घराच्या प्रत्येक दारावर खडूनं एका देशाचं नाव होतं. दर दसऱ्याला सर ती नावं पुसून नव्यानं लिहायचे. घर उत्तरेला तोंड करून उभं, म्हणून रस्त्यावरची पुढची खोली इजिप्त. तिथं एका ताईंचं लेडीज टेलरचं दुकान होतं. गच्चीवरच्या दोन खोल्या उंचावर, म्हणून इथिओपिया. तिथं तेल्हाऱ्याचे एक बँकेतले काका राहायचे. मागचा मोठा हॉल दक्षिण आफ्रिका, आणि त्या हॉलनं चारी बाजूंनी वेढलेली माझी खोली म्हणजे लेसोथो. खोलीला एकच खिडकी होती आणि तीसुद्धा हॉलमध्येच उघडायची. गल्लीत हे सगळं इतकं मुरलेलं, की सिलिंडरवाला फाटकातून बेधडक ओरडायचा, "इथिओपियाचं सिलिंडर!" आणि वरून काका "आलो" म्हणायचे.

कोणत्याही देशातून बाहेर पडायचं किंवा आत यायचं तर पासपोर्ट लागायचा. पासपोर्ट म्हणजे एक राजधानी. सर हॉलमध्ये खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी पुस्तकं छातीशी धरून निघाले की चष्मा वर, "मलावी?" आलं तर जा. नाही आलं तर तिथंच बसून अॅटलास उघडा. खुद्द दक्षिण आफ्रिकेला तीन राजधान्या असल्यामुळे ज्या दिवशी सरांची तब्येत खुशीत असे, त्या दिवशी प्रिटोरिया, केप टाऊन, ब्लूमफाँटेन असं तीनदा अडवायचे. क्लासला उशीर झाला की मी सांगायची, लेसोथोतून निघाले होते. तिथल्या मुलांना वाटायचं, मेळघाटातलं एखादं गाव असेल.

सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या स्वयंपाकघराला मात्र देश नव्हता. एकदा त्यांनीच विचारलं होतं, "अवो, माह्या सैपाकघराले काहून काई नाव नाई?" सर म्हणाले, "थो समुद्र हाय. साऱ्याच्या बाजूनं असते, त्याले कोनी देश म्हनत नाई." काकूंनी पोळी उलटली आणि म्हणाल्या, "म्हंजे सारे येऊन पाय धुतीन, असंच नं?" सरांना हे उत्तर भूगोलाच्या दृष्टीनं चुकीचं वाटलं आणि त्यांनी भरती-ओहोटी समजावून सांगितली. काकूंना ते नावानं कधी हाक मारत नसत. "ऐकून राह्यली का?" एवढीच हाक. काकू ऐकून राहिलेल्याच असायच्या.

घराच्या पार मागच्या कोपऱ्यात सिमेंटच्या शीटची एक खोली होती. चांगल्या खोल्या भाड्यानं दिल्यावर सर-काकू तिथं झोपायला गेलेले. त्या दारावर तेव्हा काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर सर म्हणाले, "नकाशा काढनारा सोता नकाशात नसते, लेसोथो."

राजापेठेत क्लासेस म्हणजे काय ते राजापेठेत राहिल्याशिवाय कळायचं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना यशस्वी उमेदवारांचे फ्लेक्स. त्यातला एक चेहरा मी तीन वेगवेगळ्या क्लासेसच्या फ्लेक्सवर पाहिलेला आहे, तिन्ही ठिकाणी त्याच शर्टात. अशाच एका क्लासनं सरांना जगाचा भूगोल शिकवायला बोलावलं. सरांनी पहिल्या दिवशी आफ्रिका सुरू केला आणि बॅच संपली तेव्हा ते जेमतेम झांबेझी नदीपर्यंत पोचले होते. संचालकांनी हात जोडले. "सर, आफ्रिकेवर पेपरला एखादाच प्रश्न येतो." सर म्हणाले, "मंग त्या एकासाठीच तर शिकवून राह्यलो. बाकीचे तुमी अंदाजपंचे भरता, थे मी थोडीच बिघडवतो?" ते गेले आणि त्यांच्या जागी देशांची यादी चालीत म्हणून पाठ करून घेणारा एक तरुण आला. त्याच्या बॅचला उभं राहायला जागा नसे.

घरी मात्र सरांचा वर्ग अखंड चालू. सगळ्याला एकच मोजपट्टी, आफ्रिकेची. मी एकदा राजकमल चौकातल्या गर्दीबद्दल कुरकुर केली तर म्हणाले, "काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते, अन् तुले एक चौक ओलांडून नाई राह्यला." मी अकोला जिल्ह्यातली म्हणून माझी खास टिंगल. उन्हाळ्यात मी सुट्टीला निघाले की म्हणायचे, "जा सहारात. नाई, सहाराची बदनामी कावून करू? थे रातच्याले थंड होते तरी." आणि हे बोलताना अमरावतीत स्वतः ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेले.

त्यांचं एक वाक्य मात्र टिंगलीचं नव्हतं. अॅटलास उघडला की त्यांचं बोट इजिप्त-लिबियाच्या, अल्जेरिया-मालीच्या सीमेवरून फिरायचं आणि आवाज उतरायचा. "सरळ रेघ दिसली की समजाचं, काढनारा तिथं कधी गेलाच नव्हता. युरोपवाले बर्लिनमधी टेबलाभोवती बसले, पट्टी घेतली अन् ओढली. इकडे एका मायचे दोन लेक, एक या देशात, एक त्या देशात." सांगताना ते स्वतः कुठल्यातरी वाळवंटात उन्हात उभे असल्यासारखे घामेजायचे.

आणि एक किस्सा, जो नव्या भाडेकरूला ऐकावाच लागे. इजिप्त आणि सुदान यांच्यामध्ये सीमेच्या दोन वेगवेगळ्या रेघा आहेत. इजिप्त एक खरी मानतो, सुदान दुसरी. दोघांनाही तांबड्या समुद्राकाठचा एक तुकडा पाहिजे, म्हणून दोघंही आपापली रेघ सोडत नाहीत. या ओढाताणीत वाळवंटातला दुसरा एक तुकडा उरतो. इजिप्त म्हणतो तो सुदानचा, सुदान म्हणतो तो इजिप्तचा. "नाव काय त्याचं? बीर तविल! बीर म्हंजे विहीर, तविल म्हंजे लांब, खोल. जगात सारे जमिनीसाठी मरून राह्यले, अन् या एका जागेले दोघंई शेजारी म्हनते, आमची नाई!" एवढं बोलून सर मांडीवर थाप मारून हसायचे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आम्हीही हसायचो. काकू आतून म्हणायच्या, "झालं का तुमचं बीरटविल? भाजी थंडी होऊन राह्यली."

मी असताना घरात पाण्याचं मोठं भांडण झालं. नळ एक दिवसाआड यायचा आणि इथिओपियाच्या काकांनी गच्चीवर भली मोठी टाकी बसवून थेट मोटर लावली. खाली इजिप्तच्या ताईंच्या नळाला नुसती हवा. ताई कात्री हातात घेऊनच हॉलमध्ये आल्या. सरांना तर पर्वणीच. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, भिंतीवर नकाशा लावला आणि नील नदीच्या पाणीवाटपावर बोलायला सुरुवात केली. पांढरी नील, निळी नील, खार्टूमचा संगम, धरण, पूर, गाळ. "ज्याच्याकडे उगम, त्याची नदी" हे वाक्य त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं. ऐकता ऐकता काका आणि ताई यांच्यात हळूहळू समेट होत गेला, कारण दोघांनाही आता एकच गोष्ट हवी होती. व्याख्यान संपलं तेव्हा नळ गेलेला होता. त्या दिवशी दोन्ही देश कोरडे राहिले.

काकूंनी त्याच आठवड्यात बोरिंग करायचं ठरवलं. गाडी समोरून आत येईना, म्हणून मागच्या बोळातून आली आणि कोपऱ्यातल्या खोलीला लागून बोअर मारली. पाणी लागलं, उत्तम लागलं. मोटरचं बटण काकूंनी आपल्या उशाशी बसवून घेतलं. सरांनी बोअरला ताबडतोब काहीतरी नाव दिलं असतं, पण तेव्हा ते माली देशाच्या पर्जन्यमानात गुंतले होते.

मी परीक्षा पास झाले नाही हे सांगून टाकते. अकोल्याला एका शाळेत लागले, भूगोल शिकवते आणि आफ्रिकेला जरा जास्तच तासिका देते. अधूनमधून अमरावतीला सरांकडे जाणं होतंच. गेल्या वर्षी सरांनी फोन करून बोलावलं. "लॅपटॉप घेऊन ये. सीमा आखाची हाय."

सरांना दोन मुलगे. थोरला पुण्यात, धाकटा नागपुरात, दोघंही चांगले कमावते, आणि फोनवर दोघंही घाईतले. राजापेठेतल्या रस्त्याला लागून असलेली जागा म्हणजे आता सोनं. एका क्लासवाल्याला ती पुढची सगळी बाजू हवी होती. तेव्हा वाटणी आत्ताच करून टाकू, नंतर कटकट नको, असं दोघांच्याही मनात एकाच वेळी आलं. सर तयार झाले, पण अट घातली. त्यांनी ती मला मोठ्या अभिमानानं सांगितली.

"बाहेरच्यानं रेघ ओढाची नाई. इंजिनियर नाई, वकील नाई. मी दोघालेई सांगतलं, तुमी घरचे. आपापला नकाशा काढा, एकमेकाले दाखवू नका. खरे घरचे असान तर रेघ एकच येईन."

चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, त्याला वाटत होतं की दोन विद्यार्थ्यांची उत्तरपत्रिका सारखी आली म्हणजे दोघांना समजलं. वर्गात आम्ही त्याला वेगळंच म्हणायचो.

नकाशे व्हॉट्सअॅपवर आले. दोघंही घरी आलेले नव्हते. उपग्रहाच्या चित्रात घराचं छप्पर पाहून, पुण्यात नि नागपुरात बसून, दोघांनी पट्टीनं ओढावी तशी रेघ ओढली होती. मी एक नकाशा पुसट करून दुसऱ्यावर ठेवला. सर माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. काकू दारात उभ्या होत्या, हात पिठाचे.

दोन्ही रेघा वेगळ्या होत्या. थोरल्याच्या नकाशात रस्त्याकडची बाजू थोरल्याची, धाकट्याच्या नकाशात धाकट्याची. हे तर अपेक्षितच होतं. पण मागचा कोपरा, शीटच्या खोलीचा, थोरल्यानं धाकट्याच्या वाटणीत टाकला होता. शेजारी लिहिलं होतं, "आई-बाबांची सोय याच्याकडे." धाकट्याच्या नकाशात तोच कोपरा थोरल्याचा. शेजारी तेच वाक्य, फक्त शेवटी "दादाकडे."

सरांना ते माझ्या आधी दिसलं. हयातभराची नजर ती. "बीर तविल!" ते ओरडले आणि सवयीनं मांडीवर थाप मारून हसायला लागले. हसू नेहमीच्या ठिकाणापर्यंत पोचलं नाही. मधेच थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पडद्यावर बोट ठेवून मला हळूच विचारलं, "थे... आपलीच खोली हाय नं?"

"कावून हासून राह्यले?" काकूंनी विचारलं. काकू पुढं आल्या, पिठाचे हात पदराला पुसले, ते एकच वाक्य दोन्ही ठिकाणी वाचलं आणि परत पोळ्या करायला गेल्या.

एखाद्या बापानं फोन उचलून मुलांना चार शब्द सुनावले असते. सरांनी खडू उचलला. कोपऱ्यातल्या खोलीच्या दारावर सुवाच्य अक्षरात "बीर तविल" लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर सांगायला लागले, "जगात अशी जागा एकच होती. आता दोन झाल्या. दुसरी राजापेठेत हाय, अन् मी तिथं राह्यतो." लोक हसायचे, सरही हसायचे. मला सरांचा फार राग आला. दुःख झालं तरी हा माणूस ते आधी नकाशात शोधतो आणि सापडलं की खूश होतो, असं वाटलं.

मग वानरं आली. मेळघाटाकडून टोळी शहरात उतरली की घराघरांच्या छपरांवरून जाते. तशी ती बीर तविलवरून गेली आणि शीट मधोमध फुटली. पावसाळा चालू होता. पाणी नेमकं काकूंच्या खाटेवर. थोरला फोनवर म्हणाला, "बाबा, मी शीट टाकली असती हो. पण उद्या तो म्हणेल, दुरुस्ती तू केलीस म्हणजे खोली तुझी." धाकटाही अक्षरशः तेच म्हणाला. बरं, सरांनी स्वतः मिस्त्री बोलवावा, तर त्यांचा कायदा वेगळाच. "वादग्रस्त भूभागात बांधकाम करता येत नाई." इथिओपियाच्या काकांनी ताडपत्री दिली, ती वाऱ्यानं उडाली. काकूंना ताप भरला.

मी भेटायला गेले तेव्हा दुपार होती. काकू खाटेवर गोधडी पांघरून, उशाशी घमेलं, घमेल्यात टपटप. शेजारी स्टुलावर सर बसलेले, हातात उघडी छत्री. ती त्यांनी मांडीवरच्या अॅटलासवर धरली होती.

काकूंनी डोळे उघडले. बराच वेळ त्या छत्रीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्यावर धरा थे."

सरांनी छत्री सरकवली. अॅटलासवर थेंब पडला तेव्हा त्यांचा हात हलला, पण त्यांनी छत्री परत ओढली नाही. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, त्यांच्या हातून एवढा मोठा त्याग झालेला मी आधी पाहिला नव्हता.

"लेसोथो," काकू मला म्हणाल्या. त्यांनी मला या नावानं कधीच हाक मारली नव्हती. "फोन लाव. दोघाले एकदम लाव."

मी दोघांना एकत्र जोडलं आणि फोन काकूंच्या तोंडाशी धरला. बरं वाटतंय का, औषध घेतलंस का, हे दोघांनीही विचारलं. काकूंनी ते होऊ दिलं.

"थोरल्या, हे कोपऱ्यातली खोली तुही का?"

"नाही गं आई, ती धाकट्याकडे आहे. नकाशात बघ ना."

"धाकट्या, तुही का?"

"आई, ती दादाकडे. मी स्पष्ट लिहिलंय."

"नक्की? दोघाचाई दावा नाई?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले. वयात आल्यापासून त्यांचं कशावर एकमत झालेलं ते पहिलंच.

"मंग थे माही झाली," काकू म्हणाल्या. "बोरिंगसकट. मांगच्या बोळासकट."

मग थोरल्याचा आवाज, "कोणती बोरिंग?"

"तुमी गेल्यावर मारली नं थे. घराले पानी कुठून येते वाटलं तुमाले? नळाचं पानी इजिप्तले पुरत नाई. सारं घर या बोरिंगवर हाय अन् बटन माह्या उशाशी हाय. पुढे क्लास बसवा, नाईतर दुकान काढा. पानी मांगाले माह्यापाशी या."

एवढं बोलून त्यांनीच फोन कापला. सरांच्या तोंडाचा आ झाला होता. "उगम!" ते पुटपुटले. "उगम आपल्याकडे हाय!"

"तुमच्याकडे कुठी? माह्याकडे," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्सं सैपाकघरातून ऐकून राह्यली मी. ज्याच्याकडे उगम त्याची नदी, हे तुमीच सांगतलं. बीर म्हंजे विहीर, थेई तुमीच सांगतलं. अन् तुमाले इथं निसतं रिकामं दिसलं?"

सरांनी छत्री सरळ धरली.

मी त्या रात्री तिथंच राहिले. दुसऱ्याच दिवशी उजाडताच सुधारित नकाशे आले. दोन्ही नकाशांत मागचा कोपरा आता आपापल्या वाटणीत होता. थोरल्याचा आवाजी निरोप: आई-बाबा माझ्याकडेच, हे तर पहिल्यापासून ठरलेलं होतं. धाकट्याचा निरोप जरा लांब होता, त्यात लहानपणीची एक आठवणही होती. त्याच सकाळी फाटकाशी दोन मिस्त्री एकाच वेळी उभे राहिले, दोघांच्या हातगाडीवर नवी शीट. कोण कुणाच्या बाजूनं आला आणि शिडी आधी कुणी लावायची यावरून त्यांची तिथंच जुंपली.

काकू ताप उतरून नुकत्याच उठलेल्या. त्यांनी दोघांना चहा दिला. कप भरताना माझ्याशी बोलल्या, आवाज अगदी रोजचा. "पाह्य, काल कोनालेच नोको होतो. आज दोघाईले पाह्यजे." आणि साखर ढवळत, "आमी नाई पाह्यजे वं. बोरिंग पाह्यजे."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी मिस्त्र्यांना सांगितलं, एकानं वर चढा, दुसऱ्यानं खालून शीट द्या, दोन्ही शीट लावा, एकीवर एक. मुलांना कळवायला मला लावलं, तेही शब्द ठरवून: शीट दोघाची, खोली माही, बाकीच्या घरावर आमी दोघं हाओत तोवर कोनी रेघ ओढाची नाई. क्लासवाल्यानं समोरची जागा पाहिली होती, तो नंतर दुसरीकडे गेला. इजिप्तच्या ताई अजून तिथंच शिवतात.

यंदाच्या दसऱ्याला मी अकोल्याहून एसटीनं गेले. सर नेहमीप्रमाणे खडू घेऊन फिरत होते. इजिप्त, इथिओपिया, दक्षिण आफ्रिका. लेसोथोत आता धारणीकडची एक मुलगी राहते. तिला सरांनी माझ्यादेखत गॅबनवर अडवलं. शेवटी ते मागच्या कोपऱ्यात आले. दार ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेलं. "बीर तविल" गेलेलं होतं. काकू उंबऱ्यात बसून आपट्याची पानं निवडत होत्या.

"पुसलं कावून?" सर म्हणाले. "बरं, दुसरं काय लिहू? जागेले नाव लागते."

"काई लिहू नका."

"मंग सरक. आत जाऊ दे."

काकू सरकल्या नाहीत. पानं बाजूला ठेवली, सर चष्मा वर करून पाहायचे तसं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पासपोर्ट. या देशाची राजधानी सांगा."

मला वाटलं, सर हसतील. ते हसले नाहीत. वागाडुगू, लिलाँग्वे, एन्जामेना, सगळं ज्याच्या जिभेवर, तो माणूस स्वतःच्या दारात नापास झालेल्या मुलासारखा उभा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पढवणार नव्हते. मग त्यांनी खडू खिशात टाकला, हात पायजम्याला पुसला आणि काकूंचं नाव घेतलं. अगं-बिगं नाही, ऐकून राह्यली का नाही. नुसतं नाव. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.

काकूंनी पानं उचलली आणि उंबऱ्यातून बाजूला झाल्या.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "या आत."